गुडघे झिजले म्हणून चालणं सोडू नका

"गुडघ्याची गादी झिजलीय, चालाल तेवढी आणखी झिजेल." सोलापूरच्या पूर्व भागात वर्षानुवर्षं खाली बसून विड्या वळलेल्या कितीतरी बायका हेच ऐकत आल्यात. मग सिद्धेश्वर तलावाची फेरी बंद होते, जिना सुटतो, आणि दुखणं वाढतंच.

हे खरं नाही. या गादीला, म्हणजे कूर्चेला, रक्तवाहिन्या नसतात. गुडघ्यावर भार येतो-जातो तेव्हा सांध्यातल्या वंगणातून तिला पोषण मिळतं. बसून राहिलं की मांडीचे स्नायू रोडावतात आणि गुडघ्याचा आधारच जातो.

फिजिओथेरपी म्हणजे नुसता मशीनचा शेक, हाही गैरसमजच. पहिल्या दिवशी बरंच काही विचारतात: कधीपासून दुखतं, जिना चढताना की उतरताना? मग गुडघा किती वाकतो, ताकद किती, चाल कशी, हे पाहतात. शेकाने तात्पुरतं बरं वाटतं. खरं औषध व्यायाम. आपल्या सोलापुरी टॉवेलची गुंडाळी गुडघ्याखाली ठेवायची, गुडघ्याने ती खाली दाबायची, ५ सेकंद धरायचं, सोडायचं. असं १० वेळा. मांडीवर हात ठेवा, स्नायू टणक झालेला हाताला लागतो. फरक पडायला काही आठवडे जातात. कृपा करून चार दिवसांत सोडू नका.

थोडं दुखलं तर घाबरू नका. दुसऱ्या दिवशीही दुखणं वाढलेलंच असेल तर व्यायाम कमी करा. गुडघा लाल, गरम होऊन सुजला, ताप आला किंवा पाय टेकवेना, तर मात्र लगेच डॉक्टरांकडे जा.