एल साल्वादोरमधील कॉफी

मध्य अमेरिकेतील एल साल्वादोर (क्षेत्रफळ २१,०४१ चौ. किमी.) या देशात ज्वालामुखींच्या उतारांवर होणारे अरेबिका कॉफीचे पीक. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून जवळजवळ शंभर वर्षे देशाचा कारभार या एका पिकाच्या पैशावर चालला. जमीन कोणाची, हा प्रश्नही याच पिकाने पेटवला. तो वगळून इथल्या कॉफीचा इतिहास सांगता येत नाही.

कॉफीच्या आधी निळ हे मुख्य निर्यातीचे पीक होते. युरोपात रासायनिक रंग येऊ लागले तसा निळीचा भरवसा उरला नाही. खेरार्दो बार्रिओस (राष्ट्राध्यक्ष, १८५९–६३) यांनी कॉफीला उत्तेजन दिले आणि १८८० च्या सुमारास ती निळीच्या पुढे गेली. मात्र निळ सखल भागात पिके, तर कॉफीला उंचावरची थंड हवा आणि ज्वालामुखीची माती हवी होती. नेमक्या या उंच भागात पिपिल व इतर मूलनिवासी गावांच्या सामाईक जमिनी होत्या. राफाएल साल्दिवार यांच्या सरकारने १८८१ आणि १८८२ मध्ये कायदे करून सामाईक मालकीच संपवली. मका व घेवडा पिकवून पोट भरणाऱ्या अनेक कुटुंबांना पुढे त्याच उतारांवर मजुरीने फळे तोडावी लागली. जमीन, कॉफीच्या गिरण्या, निर्यात आणि बँका थोड्या घराण्यांच्या हाती एकवटल्या. लोक त्यांना ‘चौदा घराणी’ म्हणत, प्रत्यक्षात ती त्याहून अधिक होती. १९१२ मध्ये स्थापन झालेले नॅशनल गार्ड हे दल ग्रामीण भागात मळेवाल्यांचा वचक राखण्यासाठी वापरले गेले. सांता आना शहराचे देखणे नाट्यगृह याच सुबत्तेच्या काळातले.

१९३० च्या सुमारास निर्यातीच्या उत्पन्नातील नऊ दशांशांहून अधिक वाटा कॉफीचा होता. जागतिक मंदीत भाव कोसळले, मजुरी घटली, काही ठिकाणी तर तोडणीच झाली नाही. जानेवारी १९३२ मध्ये पश्चिमेकडील इसाल्को, नावीसाल्को, हुआयुआ या कॉफीच्या पट्ट्यात उठाव झाला. जनरल माक्सिमिलियानो एर्नांदेस मार्तिनेस यांच्या लष्करी राजवटीने काही दिवसांत तो मोडला आणि त्यानंतर सरसकट कत्तल केली. मृतांचे अंदाज दहा हजारांपासून तीस हजारांच्या वर जातात. उठावात हात नसलेली माणसेही केवळ मूलनिवासी दिसतात म्हणून मारली गेली. भीतीपोटी अनेकांनी पारंपरिक पोशाख टाकला, मुलांशी पिपिलांच्या ‘नावात’ या भाषेत बोलणे सोडले. आज ती भाषा बोलणारे मोजकेच वृद्ध उरले आहेत. या पिकाची ही किंमत कोणत्याही बाजारभावात मोजलेली नाही.

लागवड सावलीत होते. इंगा वर्गातील शेंगांची झाडे सावली देतात आणि मातीत नत्रही वाढवतात. आपानेका परिसरात वाऱ्याला अडवण्यासाठी झाडांचे उंच कुंपण धरतात. जंगल फारच थोडे उरलेल्या या देशात पक्ष्यांना आसरा आणि झऱ्यांना पाणी मिळते ते बरेचसे या बागांमुळे. फळे साधारणतः ऑक्टोबर ते मार्च या काळात हाताने तोडतात. गर काढून, आंबवून, धुऊन बिया खळ्यावर उन्हात वाळवतात. १,२०० मीटरांवरील कॉफीला सर्वांत वरची प्रत मिळते. बोर्बोन हा इथला जुना, गोडसर वाण. त्यातूनच आपोआप निपजलेला बुटका पाकास १९४९ मध्ये सांता आना भागात आढळला. १९५८ मध्ये देशातील कॉफी संशोधन संस्थेने त्याचा मारागोजीपे या थोराड बियांच्या वाणाशी संकर करून पाकामारा तयार करायला घेतला. मोठा दाणा आणि फुलांसारखा गंध यांमुळे त्याला लिलावांत चढे भाव मिळतात.

१९८० मध्ये सरकारने कॉफीची निर्यात ताब्यात घेतली व जमीन सुधारणा सुरू केली. त्याच सुमारास यादवी पेटली आणि १९९२ च्या शांतता करारापर्यंत चालली. बागांची निगा, नवी लागवड, दोन्ही थांबले. १९८९ मध्ये आंतरराष्ट्रीय कॉफी कराराची, प्रत्येक देशाच्या निर्यातीला मर्यादा घालून भाव सावरणारी कोटापद्धत मोडल्यावर भावही गडगडले. २०१२ नंतर तांबेरा रोगाने जुन्या बोर्बोनच्या बागा झोडपल्या आणि २०१३–१४ च्या हंगामात उत्पादन आदल्या हंगामाच्या निम्म्याहून खाली आले. आता रोगाला दाद न देणारे वाण लावले जात आहेत, पण तोडणीला माणसे मिळणे अवघड झाले आहे. ग्रामीण भागातील तरुण मोठ्या संख्येने अमेरिकेला गेले, आणि त्यांनी घरी पाठवलेला पैसा कॉफीच्या निर्यातीच्या कित्येक पट आहे.