अंथरुणातील धूळ आणि डस्ट माइट (सातारा–सांगली परिसर)

शयनगृहातील धूळ म्हणजे केवळ बाहेरून उडून आलेली माती नव्हे. तीत माणसाच्या अंगावरून गळालेले कातडीचे सूक्ष्म कण, कापसाचे व कपड्यांचे तंतू, केस, बुरशीचे बीजाणू आणि या साऱ्यात जगणारे डस्ट माइट मिसळलेले असतात. डस्ट माइट हा कीटक नसून कोळ्यांच्या वर्गातील आठ पायांचा जीव आहे. तासगावच्या द्राक्षबागायतदाराला पानांवरचा लाल कोळी चांगला ठाऊक असतो, त्याचाच हा घरात राहणारा दूरचा नातेवाईक होय. त्याची लांबी ०.२ ते ०.३ मिमी असल्याने तो सहसा डोळ्यांना दिसत नाही. तो ढेकणासारखा चावत नाही की रक्त पीत नाही. त्रास होतो तो त्याच्या विष्ठेतील व मृत शरीराच्या तुकड्यांतील प्रथिनांचा. ही प्रथिने श्वासावाटे गेल्यावर ॲलर्जी असलेल्या व्यक्तीला सकाळी उठताच शिंकांवर शिंका येतात, नाक चोंदते, डोळे चुळचुळतात आणि दमा असल्यास धाप लागते. घरातील धुळीच्या ॲलर्जीचे मुख्य मूळ या जीवात आहे, हे नेदरलँड्समधील लायडन येथे फोरहोर्स्ट, स्पीक्स्मा व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६४ मध्ये दाखवून दिले.

हा जीव पाणी पीत नाही. पुढच्या पायांच्या मुळाशी असलेल्या ग्रंथींच्या साहाय्याने तो हवेतील ओलावा शोषून घेतो. त्यामुळे सापेक्ष आर्द्रता बराच काळ ५० टक्क्यांच्या खाली राहिली तर तो सुकून मरतो, आणि ती ७० ते ८० टक्के असून हवा २५ अंश सेल्सिअसच्या आसपास उबदार असली तर झपाट्याने वाढतो. सातारा–सांगली परिसरात ही गोष्ट विशेष महत्त्वाची ठरते, कारण एकीकडे वर्षाला ५,००० मिमीहून अधिक पाऊस झेलणारे महाबळेश्वर आणि जावळी, पाटण, शिराळ्याचा ओला पट्टा आहे, तर दुसरीकडे ५०० मिमीच्या आसपास पावसावर निभावणारे माण, खटाव, आटपाडी आणि जत आहेत. पूर्वेकडच्या घरात धुळीचा थर बोटाने पुसता येतो, पण तिथला कोरडा उन्हाळा माइटला मानवत नाही. पश्चिमेकडची फरशी लख्ख दिसते आणि त्याच घरातली गादी श्रावण संपेपर्यंत ओलसर होऊन माइटने भरलेली असू शकते. दिसणारी धूळ आणि त्रास देणारी धूळ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे लक्षात न घेतल्याने पुष्कळ मेहनत वाया जाते. दुष्काळी भागातही बंद खोलीत पाण्याचा कूलर रात्रभर चालवला किंवा पावसाळ्यात ओले कपडे पलंगाशेजारी दोरीवर वाळत घातले, तर माइटला हवा असलेला ओलावा घरातच तयार होतो.

या भागात जुनी लुगडी व धोतरे एकावर एक घालून दाट टाक्यांनी शिवलेली वाकळ अजूनही घरोघरी आहे. भाद्रपदाच्या अखेरीस, घटस्थापनेच्या आधी, घरातील सारी अंथरुणे-पांघरुणे बाहेर काढून धुण्याच्या प्रथेला ‘दसरा काढणे’ म्हणतात. कृष्णेच्या घाटावर, कॅनॉलवर किंवा विहिरीवर वाकळा भिजवून पायांनी तुडवल्या जातात, दगडावर बडवल्या जातात. भिजलेली वाकळ एकटीला उचलवत नाही म्हणून दोघी दोन टोके धरून ती पिळतात, आणि पहिल्या पाण्याला येणारा मातकट काळपट रंग पाहिला की वर्षभरात तीत काय साठले होते ते कळते. प्रथेचे कारण धार्मिक असले तरी तिची वेळ अचूक आहे, कारण पावसाळ्याच्या ओलीत वाढलेल्या माइटची संख्या याच सुमारास भरात असते. थंड पाण्याच्या धुण्याने सगळे माइट मरत नाहीत, परंतु ॲलर्जी आणणाऱ्या प्रथिनांचा मोठा भाग वाहून जातो. मग दोन्ही बाजूंनी मिळालेले कडक ऊन उरलेल्या माइटना सुकवते. नुसते ऊन दाखवणे मात्र अपुरे आहे, कारण माइट मेले तरी त्यांची विष्ठा कापडातच राहते. जाड कापसाच्या गादीच्या गाभ्यापर्यंत तर उन्हाची धग क्वचितच पोचते. वर्षातून एकदाच दसरा काढणे ॲलर्जीच्या रुग्णाला पुरत नाही, ही या उत्तम प्रथेची एकमेव उणीव म्हणावी लागेल.

म्हणून चादर, अभ्रे व रोजची पांघरुणे दर आठवड्याला धुवावीत आणि शक्य असेल तर ६० अंश सेल्सिअसच्या पाण्यात, कारण त्या तापमानाला माइट मरतात. गादी व उशीला अतिशय घट्ट विणीचे, चेन असलेले कव्हर घालावे. गरम पाण्यात न टिकणारी छोटी खेळणी व लोकरी वस्तू पिशवीत बांधून डीप फ्रीजरमध्ये किमान एक दिवस ठेवाव्यात आणि नंतर धुवाव्यात. कोरडी केरसुणी धूळ काढते तेवढीच उडवतेही, त्यामुळे ओल्या फडक्याने पुसणे बरे. पंख्याची पाती, मच्छरदाणीचे छत आणि कपाटाचा माथा यांचा सहसा विसर पडतो. झटकणे, बडवणे अंगणातच करावे, तेही ज्याला त्रास आहे त्याने नव्हे, आणि झाडलोटीनंतर निदान अर्धा तास त्याने खोलीत जाऊ नये. पुराच्या पाण्यात भिजलेली गादी वाळवून पुन्हा वापरू नये. तीत माइटपेक्षाही बुरशीचा धोका मोठा असतो.

यांपैकी कोणताही एकच उपाय केल्यास लक्षणांत फारसा फरक पडत नाही; ते एकत्र व सातत्याने करावे लागतात आणि दम्याची औषधे त्यांच्या भरवशावर बंद करता येत नाहीत. माइट मारणाऱ्या फवाऱ्यांवर खर्च करण्यापेक्षा कव्हरे व धुणे यांवर केलेला खर्च सार्थकी लागतो. सगळ्याच अंथरुणांना कव्हर घालणे परवडत नसेल, तर ज्याला त्रास आहे त्याच्या उशीपासून सुरुवात करावी, कारण रात्रभर नाक तिलाच टेकलेले असते.