विषाणू सापडला की प्रतिपिंडं सापडली?

इबोलाचा विषाणू जंगलात नेमका कुठे दडून राहतो, याचा माग काढणाऱ्या संशोधकांचे निष्कर्ष 2005 मध्ये प्रसिद्ध झाले. गॅबॉन आणि काँगोच्या ज्या भागात इबोलानं माणसं, गोरिला आणि चिंपांझी मेले होते, तिथे त्यांनी हजारावर प्राणी पकडून तपासले होते. धागा लागला तो फळं खाणाऱ्या वटवाघळांच्या तीन जातींत. 13 वटवाघळांच्या यकृतात आणि प्लीहेत विषाणूच्या जनुकांचे तुकडे मिळाले. 16 वटवाघळांच्या रक्तात इबोलाविरुद्धची प्रतिपिंडं, म्हणजे विषाणूशी लढायला शरीरानं बनवलेली प्रथिनं (अँटिबॉडी), मिळाली. आणि दोन्ही याद्यांत असलेलं वटवाघूळ एकही नव्हतं.

वाचणाऱ्याला वाटेल, चाचण्यांत काहीतरी घोळ झाला. पण घोळ नव्हता. दोन चाचण्या दोन वेगळे प्रश्न विचारत होत्या, म्हणून त्यांची उत्तरं वेगवेगळ्या वटवाघळांकडून आली. प्राण्यांच्या साथींवरच्या बातम्यांत हे दोन प्रश्न सर्रास एकच समजले जातात. अहवालात लिहिलेलं असतं ‘प्रतिपिंडं आढळली’ आणि मथळा येतो ‘विषाणू सापडला’. मला हे फार खटकतं, कारण त्या मथळ्याची किंमत अनेकदा प्राणी मोजतात.

कोविडच्या काळात आपण सगळेच या दोन चाचण्यांमधून गेलो आहोत. नाकात काडी घालून केलेली आरटी-पीसीआर विषाणूचा आरएनए, म्हणजे त्याचं जनुकीय द्रव्य, शोधायची. रक्त काढून केलेली अँटिबॉडी चाचणी शरीरानं त्या विषाणूशी कधी झुंज दिली आहे का, ते सांगायची. प्राण्यांतही तेच. बहुतेक तीव्र आजारांत विषाणू काही दिवस ते दोनेक आठवडे अंगात सापडतो. प्रतिपिंडं मोजता येण्याइतकी तयार व्हायला साधारण आठवडा-दोन आठवडे लागतात. ती वाढतात तसा विषाणू हटत जातो, पण ती मात्र महिनोन्‌महिने, काही आजारांत जन्मभर रक्तात टिकतात. म्हणजे एकाच प्राण्यात दोन्ही एकदम सापडण्याचा काळ अगदी थोडा. पहिली चाचणी सांगते आज अंगात काय आहे. दुसरी सांगते आजवरच्या आयुष्यात कशाशी गाठ पडली.

थोडा हिशोब करून पाहू. समजा एक प्राणी दहा वर्षं जगतो, त्याला एकदाच संसर्ग होतो आणि दहा दिवस त्याच्या लाळेतून किंवा लघवीतून विषाणू बाहेर पडतो. कुठल्याही एका दिवशी तो पकडला तर विषाणू हाती लागण्याची शक्यता 365 मध्ये एक. त्याची प्रतिपिंडं मात्र संसर्गानंतरच्या जवळजवळ कुठल्याही दिवशी सापडू शकतात. त्यात जंगली प्राणी पकडायचा, बेशुद्ध करायचा, नमुना थंड ठेवत प्रयोगशाळेपर्यंत न्यायचा. आरएनए वाटेतच सडतो, सीरम, म्हणजे रक्त साकळल्यावर उरणारा, प्रतिपिंडं असलेला द्रव, मात्र नीट गोठवलं तर दशकानुदशकं टिकतं. म्हणून नव्या रोगाचा माग काढताना पहिली खूण बहुधा प्रतिपिंडांकडूनच मिळते.

मर्सचंच पाहा. 2012 मध्ये सौदी अरेबियातल्या एका रुग्णात हा कोरोना विषाणू पहिल्यांदा ओळखला गेला. तो आला कुठून, हे कोणालाच कळत नव्हतं. 2013 मध्ये ओमानच्या 50 उंटांचं सीरम तपासलं गेलं आणि पन्नासच्या पन्नास उंटांत प्रतिपिंडं निघाली. मग शोध उंटांकडे वळला आणि त्याच वर्षी कतारमधल्या उंटांच्या नाकात विषाणूचा आरएनए मिळाला. त्यानंतर कोणीतरी फ्रीजरमधली जुनी सीरम बाहेर काढली. पूर्व आफ्रिकेतल्या उंटांची 1983 मध्ये घेतलेली सीरमही पॉझिटिव्ह आली. माणसात ओळखला जाण्याच्या तीस वर्षं आधीपासून हा विषाणू उंटांत फिरत होता. ही माहिती 2013 मधल्या कुठल्याही पीसीआरनं दिली नसती.

प्रतिपिंडं जे सांगू शकत नाहीत, ते अमेरिकेतल्या पांढऱ्या शेपटीच्या हरणांनी दाखवलं. 2021 च्या पहिल्या तीन महिन्यांत चार राज्यांत घेतलेल्या नमुन्यांपैकी 40 टक्क्यांत कोविडच्या विषाणूविरुद्धची प्रतिपिंडं होती. हरणं आजारी दिसत नव्हती. आता प्रश्न असा, की प्रत्येक हरणाला माणसाकडून वेगळा संसर्ग होत होता, की हरणंच एकमेकांना देत होती? सीरमकडे याचं उत्तर नव्हतं. पुढे हरणांच्या नाकातून आणि लसिका ग्रंथींतून खुद्द विषाणू मिळाला, त्याचा जनुकीय क्रम वाचला गेला, तेव्हा कळलं की माणसाकडून तो अनेकदा हरणांत गेला होता आणि पुढे हरणाहरणांतही पसरला होता. कोणाकडून कोणाकडे हा वंशवृक्ष फक्त विषाणूच्या जनुकांत लिहिलेला असतो.

प्रतिपिंडांच्या बाबतीत आणखी तीन ठिकाणी फसगत होते, आणि पाळीव जनावरांत तर रोजच होते.

पहिलं ठिकाण लस. लाळ्या-खुरकूतची लस टोचलेल्या गाईच्या रक्तात प्रतिपिंडं असणारच. ती लसीचं यश आहे, रोगाचा पुरावा नव्हे. यावर काढलेला तोडगा मला फार सुंदर वाटतो. ही लस मारलेल्या विषाणूपासून करतात आणि ती शुद्ध करताना विषाणूचं कवच तेवढं ठेवतात. विषाणू पेशीत वाढताना आणखी काही प्रथिनं बनवतो, ती लसीतून काढून टाकलेली असतात. मग गाईच्या रक्तात फक्त कवचाविरुद्धची प्रतिपिंडं असतील तर ती लसीची समजायची. वाढीच्या वेळच्या प्रथिनांविरुद्धचीही असतील तर खरा विषाणू अंगात वाढून गेलेला. बुळकांडी या गुरांच्या जीवघेण्या रोगात ही सोय नव्हती. तिची लस जिवंत पण दुबळ्या केलेल्या विषाणूची होती, त्यामुळे लस आणि रोग यांची प्रतिपिंडं सारखीच दिसायची. म्हणून रोग संपला हे सिद्ध करण्यासाठी आधी लसीकरण थांबवावं लागलं आणि त्यानंतर जन्मलेल्या जनावरांचं रक्त तपासावं लागलं. रानम्हशींना कोणी लस टोचलेली नव्हती, त्यामुळे त्यांचं सीरम तर फारच मोलाचं ठरलं. 2011 मध्ये बुळकांडी जगातून नाहीशी झाल्याचं जाहीर झालं, ते ‘प्रतिपिंडं नाहीत’ या शांत पुराव्याच्या आधारावर.

दुसरं ठिकाण आईचा चीक. वासराला आयती प्रतिपिंडं चिकातून मिळतात. काही आठवडे ते पॉझिटिव्ह येतं, पण विषाणू त्यानं पाहिलेलाही नसतो. तिसरं ठिकाण म्हणजे विषाणूंचे भाऊबंद. वेस्ट नाइल आणि जपानी मेंदूज्वर यांचे विषाणू इतके जवळचे, की घोड्याच्या किंवा पक्ष्याच्या रक्तातली एकाची प्रतिपिंडं दुसऱ्याच्या एलायझालाही, म्हणजे प्रतिपिंडं असली की रंग बदलणाऱ्या चाचणीलाही, रंग आणतात. मग न्यूट्रलायझेशन चाचणी करून, कोणत्या विषाणूला हे सीरम जास्त जोरात रोखतं ते पाहावं लागतं. जंगली प्राण्यांत याहूनही साधी अडचण येते. गाईसाठी बनवलेला किट गाईचीच प्रतिपिंडं ओळखतो. तोच किट भलत्या जातीवर वापरला की आलेल्या ‘निगेटिव्ह’ला काही अर्थ उरत नाही.

पीसीआरच्या बाजूला सगळं आलबेल आहे असंही नाही. पीसीआर जनुकाचा तुकडा दाखवते; तो विषाणू जिवंत आहे की मेलेला, हे नाही. जिवंतपणा सिद्ध करायचा तर तो पेशींत वाढवून दाखवावा लागतो, आणि ती तिसरीच, सगळ्यात अवघड पायरी. निपाहच्या वेळी ती गाठली गेली. 1998-99 मध्ये मलेशियात निपाहच्या साथीत दहा लाखांहून अधिक डुकरं मारावी लागली. मोठ्या फळखाऊ वटवाघळांत प्रतिपिंडं मिळाली, पण विषाणू हाती येईना. मग तिओमान बेटावर वटवाघळांच्या वस्तीखाली प्लास्टिकच्या चादरी पसरून त्यांची लघवी गोळा केली गेली आणि त्या थेंबांतून जिवंत निपाह वाढवता आला. इबोलाच्या बाबतीत वटवाघळांकडून अशी पायरी गाठता आलेली नाही. 2005 चे ते 13 आणि 16 अजूनही ‘दाट संशय’ याच खान्यात आहेत.

नमुना कुठला घेतला यावरही पीसीआरचं सगळं अवलंबून. मेंदूत बसलेला रेबीज रक्तात शोधून उपयोग नाही. रेबीजमध्ये तर प्रतिपिंडंही निदानाच्या कामाची नसतात. ती उशिरा येतात किंवा प्राणी मरेपर्यंत येतही नाहीत, म्हणून निदान मेलेल्या प्राण्याच्या मेंदूवरच होतं. मात्र युरोपात रानातल्या कोल्ह्यांना आमिषातून तोंडावाटे लस दिली गेली, तेव्हा कोल्ह्याच्या रक्तातली हीच प्रतिपिंडं मोहीम पोहोचल्याची खूण म्हणून मोजली गेली. आणि जिथे नियम मोडतो असं एक उदाहरणही आहे: आफ्रिकी रानम्हशी. लाळ्या-खुरकूतचा विषाणू त्यांच्या घशात प्रतिपिंडांच्या नाकासमोर काही वर्षं टिकून राहू शकतो. तिथे दोन्ही चाचण्या एकदम पॉझिटिव्ह येतात.

दोन्ही उत्तरं शेजारी ठेवल्याशिवाय कोडं सुटत नाही, याचा माझ्या मते सगळ्यात चांगला नमुना टांझानियातल्या सेरेंगेटीचे सिंह. 1994 मध्ये तिथले सुमारे एक तृतीयांश सिंह मेले. झटके यायचे, तोल जायचा. मेलेल्या सिंहांत कॅनाइन डिस्टेंपरचा विषाणू सापडला, जो मुळात कुत्र्यांचा. कोडं सुटलं असं वाटलं: नवा विषाणू आला, सिंह मेले. पण सिंहांची सीरम अनेक वर्षांपासून जपून ठेवलेली होती. ती तपासली तेव्हा दिसलं, की 1994 च्या आधी आणि नंतरही डिस्टेंपर या सिंहांत अनेकदा येऊन गेला होता आणि त्या वेळी मृत्यूंत लक्षात येण्याजोगी वाढ झालीच नव्हती. मग 1994 मध्ये आणि पुढे 2001 मध्ये गोरोंगोरोच्या विवरात वेगळं काय घडलं? दोन्ही वेळी आधी मोठा दुष्काळ पडला होता. उपासमारीनं खंगलेल्या रानम्हशींच्या अंगावर गोचीड माजले होते, आणि त्या म्हशी खाणाऱ्या सिंहांच्या रक्तात गोचिडांतून येणारा बबेसिया हा परजीवी नेहमीपेक्षा कितीतरी जास्त होता. डिस्टेंपरनं प्रतिकारशक्ती खच्ची केली आणि बबेसियानं घाव घातला. नुसता सापडलेला विषाणू पाहून सगळा दोष त्याच्यावर टाकला गेला असता. तो आधीही येत होता आणि सिंह जगत होते, हे फक्त जुन्या प्रतिपिंडांना ठाऊक होतं.

मथळ्याची किंमत प्राणी मोजतात, असं वर म्हटलं. युगांडात किटाका नावाची खाण आहे. 2007 मध्ये तिथल्या कामगारांना मारबर्ग हा इबोलाच्या कुळातला आजार झाला आणि खाणीतल्या इजिप्शियन फळखाऊ वटवाघळांत जिवंत मारबर्ग विषाणू मिळाला. इथे पुरावा पक्का होता. तेव्हा साधारण 5 टक्के वटवाघळांत चालू संसर्ग होता. प्रतिपिंडं असलेली, म्हणजे संसर्ग झेलून सावरलेली वटवाघळंही त्याच वसाहतीत होती. पुढे लोकांनी खाणीतली वटवाघळं मारून जवळजवळ संपवली. 2012 मध्ये जवळच्याच इबांडा गावात मारबर्गची साथ आली. संशोधक पुन्हा खाणीत उतरले. थोडी वटवाघळं परतली होती आणि त्यांच्यात चालू संसर्गाचं प्रमाण 13 टक्क्यांवर गेलं होतं. प्रतिकारशक्ती असलेली जुनी पिढी गेली आणि तिच्या जागी विषाणू कधीच न पाहिलेली कोवळी वटवाघळं आली, असं त्याचं कारण संशोधकांना वाटतं.