गिटार आणि बेस गिटार: तारा त्याच, काम वेगळं

"अरे आपल्याला बेसिस्ट मिळत नाहीये, तू गिटार वाजवतोस ना, मग बेस घे" असं म्हणूनच बरेच हौशी बेसिस्ट तयार होतात, आणि त्यात वाईट काहीच नाही, पॉल मॅकार्टनी पण आधी गिटारच वाजवायचा, १९६१ मध्ये स्टुअर्ट सटक्लिफ बीटल्समधून बाहेर पडला तेव्हा बेस त्याच्याकडे आला.

गोंधळ होतो कारण दोन्ही वाद्यं दिसतात सारखी. बेसच्या चार तारा म्हणजे ई, ए, डी, जी, गिटारच्या वरच्या चार जाड तारांचेच सूर, फक्त एक सप्तक खाली. गिटारची सगळ्यात जाड तार साधारण ८२ हर्ट्झला वाजते, बेसची ४१ ला. म्हणजे सूर कुठे आहेत हे गिटारवाल्याला आधीच माहीत असतं, पहिल्याच दिवशी गाणं वाजायला लागतं, आणि मग तो बेसवर गिटारच वाजवत बसतो!

गिटारमध्ये कॉर्ड (एकत्र वाजवलेले दोन-तीन किंवा जास्त सूर) घुमत राहिली तर छान वाटतं. बेसमध्ये नोट कधी सुरू करायची याच्याइतकंच ती कधी थांबवायची हे महत्त्वाचं. ड्रमरच्या किकबरोबर (पायाने वाजवायचा मोठा ड्रम) नोट वाजवा आणि स्नेअर (काठीने वाजणारा कडक आवाजाचा ड्रम) पडताना डाव्या हाताचं बोट नुसतं सैल करून ती बंद करा, तार सोडायची नाही, फक्त दाब काढायचा, तेवढ्यावर तेच गाणं एकदम टाईट वाटायला लागतं. न वाजवलेल्या तारा पण हाताने झाकून ठेवायच्या, नाहीतर मोठ्या स्पीकरवर खालून सतत गुणगुण येत राहते.

दुसरा फरक मला सगळ्यात भारी वाटतो. समजा गिटारवाल्याने सी मेजर धरलीय, म्हणजे सी, ई, जी. तुम्ही खाली सी वाजवलात तर ती सी मेजर. आता त्याने बोट पण हलवलं नाही आणि तुम्ही ए वाजवलात, तर लोकांना ए मायनर सेव्हन ऐकू येते. कॉर्ड त्याने धरलीय पण ती कुठली हे ठरवताय तुम्ही! म्हणूनच गिटारची एखादी चुकीची नोट गर्दीत खपून जाते, बेसची चुकली की सगळं गाणंच सरकल्यासारखं वाटतं.

त्यामुळे सुरुवात करताना चार-पाच गाणी घ्या, फक्त रूट नोट्स (ज्या सुरावरून कॉर्डचं नाव पडतं तो सूर) पाठ करा आणि जॅमपॅडमध्ये, म्हणजे बँडच्या प्रॅक्टिसच्या खोलीत, आधी एकट्या ड्रमरबरोबर वाजवा, गिटार नाही, गायक नाही. फिल्स, स्लॅप वगैरे करामती नंतर. बोटांच्या स्पीडचं टेन्शन घेऊ नका, मोटाउन या अमेरिकन रेकॉर्ड कंपनीच्या बेसिस्ट जेम्स जेमरसनने उजव्या हाताच्या एका बोटाने वाजवून केवढं काम करून ठेवलंय.

आणि अँपचं लक्षात ठेवा. घरी हळू आवाजात बेस साध्या गिटारच्या अँपला लावला तर चालतो, पण मोठ्या आवाजात लावू नका, स्पीकर फाटू शकतो. प्रॅक्टिसचा वीस वॅटचा बेस अँप पण ड्रमसेटपुढे ऐकूच येत नाही. शोला बेस डीआय बॉक्समधून (वाद्याचा सिग्नल मिक्सरला जोडणारी छोटी पेटी) थेट मिक्सरला जातो, लोकांना तोच आवाज ऐकू येतो, त्यामुळे स्टेजवर स्वतःला ऐकू येत नसेल तर अँप वाढवत न बसता साऊंडवाल्याकडे मॉनिटरमध्ये (स्टेजवर वाजवणाऱ्यांकडे तोंड केलेला स्पीकर) बेस आणि किक मागा, तेही साऊंडचेकलाच.