लिलावाची बोली आणि ड्राफ्टचा क्रमांक

‘डॅलसने कूपर फ्लॅगला घेतला, आता त्याने वसूल करून द्यायला हवं.’ एनबीए, म्हणजे अमेरिकेतली बास्केटबॉल लीग, नव्याने बघू लागलेल्यांच्या तोंडी असं वाक्य नेहमी येतं. डॅलस हा तिथला संघ, आणि फ्लॅग हा त्याने २०२५ च्या ड्राफ्टमध्ये पहिल्या क्रमांकावर निवडलेला पोरगा. यातलं ‘वसूल’ आपण आयपीएलच्या लिलावातून उचललेलं आहे. ड्राफ्ट म्हणजे संघांनी ठरलेल्या क्रमाने नवे खेळाडू एकेक करून निवडणं. त्याला लिलाव समजलं की पुढचा प्रत्येक अंदाज चुकतो आणि अठरा-एकोणीस वर्षांच्या पोराला नाताळच्या आत ‘फेल’ ठरवलं जातं.

लिलाव तुम्हाला पाठ आहे, म्हणून तो थोडक्यात. दोन संघ एकाच खेळाडूसाठी अडून बसले की आकडा चढतो. ऋषभ पंत २७ कोटींना गेला तो असाच. ही रक्कम एका हंगामाचा मोबदला असते आणि घेणाऱ्याला फळ त्याच हंगामात हवं असतं. मिचेल स्टार्कवर कोलकात्याने डिसेंबर २०२३ मध्ये २४.७५ कोटी लावले. मे २०२४ मध्ये तो पहिल्या क्वालिफायरमध्ये आणि अंतिम सामन्यातही सामनावीर ठरला, कोलकात्याने चषक नेला आणि हिशेब तिथेच मिटला.

ड्राफ्टमध्ये बोलीच नसते. निवडीचा क्रम ठरतो तो लॉटरीने, म्हणजे सोडतीने. २०२५ च्या ड्राफ्टपर्यंत प्लेऑफ, म्हणजे बाद फेरी, न गाठलेले १४ संघ तिच्यात उतरत. आकडे लिहिलेल्या १४ चेंडूंतून चार निघत आणि त्यांच्या जुळणीवरून एक क्रमांक ठरे; असं करत पहिले चार क्रमांक ठरत. २०१९ पासून सर्वांत वाईट कामगिरीच्या तीन संघांना पहिल्या क्रमांकाची प्रत्येकी १४ टक्के संधी होती. २०२५ मध्ये डॅलसला तो लागला अवघ्या १.८ टक्के संधीवर. पगारही क्रमांकाला बांधलेला असतो. पहिल्या फेरीतल्या प्रत्येक क्रमांकाची रक्कम तक्त्यात दिलेली असते आणि करार तिच्या ८० ते १२० टक्क्यांत बसवावा लागतो. २०२३ चा पहिला क्रमांक व्हिक्टर वेम्बन्यामा; त्याचा पहिल्या वर्षाचा पगार सुमारे १ कोटी २१ लाख डॉलर होता. मोकळ्या बोलीत तो किती पटींनी वर गेला असता याची कल्पना करा. म्हणून ‘इतके पैसे ओतले’ ही तक्रार ड्राफ्टच्या खेळाडूबद्दल करूच नये.

क्रमांक म्हणजे त्या वर्षीच्या रांगेतली जागा, एवढंच. २०१३ च्या रांगेत सर्वांत पुढे होता पुढे अपयशी ठरलेला अँथनी बेनेट, आणि पंधराव्या जागी पुढे मोठा तारा झालेला यानिस आंतेतोकुंपो. दोन वेगवेगळ्या वर्षांच्या ‘नंबर वन’ची तुलना करण्यात अर्थ नाही.

खरी गफलत मुदतीची आहे. पहिल्या फेरीतल्या खेळाडूचा करार चार वर्षांचा असतो. पहिली दोन वर्षं पक्की, तिसरं आणि चौथं ठेवायचं की नाही हे संघाच्या हातात. तिसरा हंगाम संपला की संघ करार वाढवून देऊ शकतो. तसं झालं नाही, तर चौथ्यानंतर दुसऱ्या कुणी देऊ केला तेवढाच करार देऊन खेळाडूला राखण्याचा हक्क संघाकडेच असतो, फक्त त्यासाठी ठरलेला प्रस्ताव आधी द्यावा लागतो. म्हणजे ड्राफ्टमध्ये संघाला मिळतो तो एका पोराच्या घडणीच्या वर्षांवरचा हक्क. पहिलं वर्ष हे त्या मुदतीतलं सर्वांत कच्चं वर्ष, आणि लोक निकाल लावतात तो नेमका त्याच वर्षावरून.

त्या वर्षाचे आकडे दोन्ही बाजूंनी फसवतात. वरचा क्रमांक बहुधा कमकुवत संघाकडे जातो. तिथे नवख्याला भरपूर मिनिटं मिळतात, चेंडू सतत त्याच्याच हातात असतो, म्हणून सामन्यामागचे गुण फुगतात. त्याच वेळी शेजारी नेम असलेला कुणी नसतो, बचाव करणारे दोघं-दोघं त्याच्यावर धावून येतात, म्हणून फेकीची टक्केवारी पडते. गुण बघून हुरळणारा आणि टक्केवारी बघून नाक मुरडणारा, दोघंही संघाची अवस्था मोजत असतात, पोराची नाही.

मायकल कार्टर-विल्यम्सने २०१३-१४ मध्ये १६.७ गुणांच्या सरासरीवर सर्वोत्तम नवख्याचा किताब घेतला. फिलाडेल्फिया त्या वर्षी १९ सामने जिंकला, ६३ हरला. पुढच्याच हंगामात, फेब्रुवारी २०१५ मध्ये, संघाने त्याला दुसऱ्या संघाला देऊन टाकलं. दुसरीकडे २०२१ चा पहिला क्रमांक, डेट्रॉइटचा केड कनिंगहॅम. पहिल्या वर्षी १७.४ गुण, थ्री पॉइंटर, म्हणजे तीन गुणांची लांबची फेक, ३१.४ टक्के. दुसऱ्या वर्षी नडगीच्या दुखापतीमुळे फक्त १२ सामने. तिसऱ्या वर्षी डेट्रॉइट सलग २८ सामने हरलं आणि हंगाम १४ विजय, ६८ पराभवांवर संपला. लिलावाच्या हिशेबाने पोरगा बुडीत खात्यात. डेट्रॉइटने मात्र त्याच उन्हाळ्यात, २०२४ मध्ये, त्याला पाच वर्षांचा २२ कोटी ४० लाख डॉलरचा करार दिला. टोबायस हॅरिस, मलिक बीझ्ली असे नेम असलेले जाणते खेळाडू भोवती आणले. पुढच्या हंगामात ४४ विजय, कनिंगहॅमची सरासरी २६.१ गुण आणि ९.१ असिस्ट, म्हणजे सहकाऱ्याच्या बास्केटला थेट कारण ठरलेले पास.

या दोघांत फरक ओळखायला पहिल्या वर्षी काय बघायचं? मी आधी फ्री थ्रो, म्हणजे फाउलनंतर मिळणारी मोकळी फेक, बघेन. तिथे अंगावर कुणी नसतं, अंतर कायम १५ फूट, संघ चांगला-वाईट असण्याचा संबंधच उरत नाही. उरतो फक्त हात. पहिल्या वर्षी कार्टर-विल्यम्स ७० टक्क्यांवर होता, कनिंगहॅम ८४ वर. ज्याचा फ्री थ्रो पक्का, त्याचा लांबचा नेम पुढे सुधारण्याची आशा जास्त. नंतर वय: एकोणिसाव्या वर्षीचे १५ गुण आणि बावीसाव्या वर्षीचे १५ गुण सारखे धरू नका. त्यानंतर दुसऱ्या वर्षाचे टर्नओव्हर, म्हणजे चेंडू प्रतिस्पर्ध्याला गमावणं, पण चेंडू तितकाच वेळ हातात असेल तरच. ग्रेग ओडन या खेळाडूसारखी गुडघ्यांच्या दुखापतींनी संपवलेली कारकीर्द आणि बेनेटसारखी खेळानेच न उभी राहिलेली कारकीर्द एका टोपलीत टाकू नका, एवढं सांगितलं तरी पुरे.

फ्लॅगला हेच लावून बघा. ड्राफ्टच्या दिवशी तो १८ वर्षांचा होता. ड्यूक विद्यापीठाकडून त्याने १९.२ गुण, ७.५ रिबाउंड (हुकलेल्या फेकीनंतर पकडलेले चेंडू), ४.२ असिस्ट अशी सरासरी राखली होती आणि फ्री थ्रो ८४ टक्के. हे पाया भक्कम असल्याचं लक्षण आहे. डॅलसने ड्राफ्टच्या आधी पाच महिन्यांच्या आतच आपला मोठा तारा लुका डॉन्चिचला लॉस एंजलिस लेकर्स या संघाकडे पाठवलं होतं, त्यामुळे या पोराकडून डॉन्चिचची भरपाई मागितली जाते. ती मागणी अन्यायाची आहे. तो व्यवहार त्याने केलेला नाही. तो अपेक्षेला उतरेल असं माझं ठाम मत आहे, पण ती अपेक्षा मोजायची तारीख २०२८ चा उन्हाळा. तेव्हा त्याचे तीन हंगाम झालेले असतील आणि डॅलसला त्याचा करार वाढवता येईल.