चॅप्टर मार्कर (व्हिडिओ डिस्क)

चॅप्टर मार्कर : संपादित व्हिडिओच्या टाइमलाइनवर (दृश्ये वेळेच्या क्रमाने मांडलेल्या पट्टीवर) लावलेली खूण. डिस्क तयार होताना ही खूण प्रकरणाचा आरंभबिंदू बनते. मग रिमोटवरच्या पुढच्या-मागच्या बटनाने किंवा मेनूतल्या छोट्या चित्रावर जाऊन प्रेक्षकाला थेट त्या जागी पोहोचता येते. नागपूरच्या व्हिडिओ व्यवसायात याला ‘चॅप्टर टाकणे’ किंवा ‘मार्कर मारणे’ म्हणतात. लग्न, साक्षगंध, शाळेचे गॅदरिंग, नृत्यवर्गाचा वार्षिक कार्यक्रम अशा दोन-तीन तासांच्या चित्रणात याची खरी गरज पडते. काम दहा-पंधरा मिनिटांचे असते. तरी डिस्क घरात पुन्हा लागेल की कपाटात पडून राहील, हे बरेचसे त्यावरच ठरते.

पूर्वपीठिका : व्हीएचएस कॅसेटमध्ये हवा तो प्रसंग शोधायचा तर फीत पळवावी लागे. काही व्हीसीआर प्रत्येक रेकॉर्डिंगच्या सुरुवातीला फितीवर एक शोधखूण टाकत, पण मिक्सिंग होऊन आलेल्या लग्नाच्या कॅसेटमध्ये तिचा उपयोग नसे. प्रकरणावर थेट उडी मारण्याची सोय १९७८ साली बाजारात आलेल्या लेझरडिस्कमध्ये होती, मात्र ती भारतातल्या सामान्य घरांत कधी शिरली नाही. आपल्याकडे ही सोय प्रथम दिसली ती व्हीसीडीमुळे. १९९३ च्या व्हीसीडी मानकात एका डिस्कवर जास्तीत जास्त ९८ व्हिडिओ ट्रॅक आणि त्यांच्या आत ५०० पर्यंत प्रवेशबिंदू देता येत. लग्नवाल्यांनी त्यांचा क्वचितच वापर केला. एका व्हीसीडीत सुमारे ७४ मिनिटे मावत असल्याने तीन तासांच्या लग्नाचे तीन तुकडे होत, आणि ‘सीडी नंबर दोन लाव’ हीच त्या काळची प्रकरणनिवड होती. १९९६ साली जपानमध्ये डीव्हीडी विक्रीला आली. पुढे राइट करता येणाऱ्या डिस्क आणि संगणकातले बर्नर स्वस्त झाले, तेव्हा सीताबर्डी, सदर, इतवारीपासून मोहल्ल्यातल्या लहान स्टुडिओपर्यंत मेनू असलेली डिस्क देण्याची रीत पडली.

रचना : डीव्हीडी-व्हिडिओत एका डिस्कवर ९९ पर्यंत शीर्षके (स्वतंत्र चित्रणे) असतात आणि प्रत्येक शीर्षकात ९९ पर्यंत प्रकरणे. चित्र-ध्वनी व्हीओबी फाइलींत असतो. कोणते प्रकरण कुठे सुरू होते याची यादी आयएफओ फाइलींत असते आणि तिची प्रत बीयूपी फाइलींत ठेवलेली असते. चित्राच्या प्रवाहात ‘हे प्रकरण पाच’ असे काही लिहिलेले नसते. प्लेअर यादी वाचतो आणि लेन्स त्या जागी नेतो. पहिले प्रकरण शून्य सेकंदावर आपोआप धरले जाते, तिथे खूण टाकावी लागत नाही.

डीव्हीडीवरचे चित्र एमपेग-२ पद्धतीने आकुंचित केलेले असते. त्यात प्रत्येक चौकट (फ्रेम) पूर्ण साठवत नाहीत. एक चौकट पूर्ण असते, तिला आय-फ्रेम म्हणतात. तिच्यानंतरच्या चौकटींत फक्त काय बदलले तेवढेच नोंदलेले असते. अशा चौकटींच्या गटाला जीओपी म्हणतात, आणि आपल्याकडच्या सेकंदाला २५ चौकटींच्या पॅल या टीव्ही पद्धतीत तो सर्वसाधारणपणे १५ चौकटींपेक्षा, म्हणजे ०.६ सेकंदापेक्षा, मोठा नसतो. प्रकरण गटाच्या आरंभीच सुरू होऊ शकते. अजनी आणि नागपूर यांच्या मध्ये कुठेही उतरायचे म्हटले तरी गाडी थांबायची ती स्थानकावरच, तसे हे आहे. मार्कर आधी लावून मग एन्कोडिंग (चित्र एमपेगमध्ये आकुंचित करणे) केले, तर एन्कोडर नेमक्या त्याच चौकटीवर आय-फ्रेम बसवतो. आधी एमपेग फाइल करून मग ऑथरिंगमध्ये (मेनू आणि प्रकरणे जोडून डिस्क रचताना) चॅप्टर टाकले, तर खूण जवळच्या आय-फ्रेमवर सरकते. ती मागे सरकली की ‘सप्तपदी’ निवडल्यावर क्षणभर आधीच्या दृश्यातला जेवणाचा हॉल चमकून जातो. ग्राहकाला हे ‘डिस्क झटका मारते’ असे वाटते आणि तो डिस्क खराब म्हणून परत आणतो. डिस्कमध्ये मात्र दोष नसतो.

जागा ठरवणे : या कामातला कौशल्याचा भाग हाच. बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये दर पाच किंवा दहा मिनिटांनी आपोआप चॅप्टर टाकण्याचा पर्याय असतो आणि घाईच्या सीझनमध्ये तोच दाबला जातो. अशा डिस्कमध्ये प्रकरण तिसऱ्या मंगलाष्टकाच्या अर्ध्यावर सुरू होते. कोणीही ‘पंचविसावे मिनिट’ बघायला बसत नाही, लोक प्रसंग शोधतात. म्हणून खुणा प्रसंगांना लागल्या पाहिजेत. प्रसंगांची ती यादी संपादकाने स्वतःच्या मनाने ठरवण्याऐवजी त्या घरच्या विधींवरून घ्यावी.

नागपूरकडच्या हिंदू मराठी लग्नात साधारणपणे साक्षगंध, मांडव, हळद, वरात, सीमांतपूजन, मंगलाष्टके, कन्यादान, सप्तपदी, स्टेजवरच्या भेटी, पंगत आणि बिदाई असे टप्पे निघतात. बौद्ध पद्धतीच्या विवाहाचे टप्पे वेगळे असतात : बुद्ध आणि बाबासाहेबांच्या प्रतिमांना वंदन, त्रिसरण-पंचशील, वधू-वरांची प्रतिज्ञा, पुष्पहार, जयमंगल अष्टगाथा आणि फुलांच्या पाकळ्यांचा वर्षाव. दीक्षाभूमीच्या या शहरात असे विवाह मोठ्या संख्येने होतात. तरीही आधीच्या लग्नाचा तयार मेनू तसाच उघडून त्यात ‘कन्यादान’ नावाचे बटन राहू देण्याचा आळस काही ठिकाणी दिसतो. ही चूक तांत्रिक नाही, पण घरच्यांना तीच सर्वांत आधी खटकते.

खूण प्रसंगाच्या नेमक्या क्षणावर न लावता थोडी आधी लावणे बरे. अंतरपाट बाजूला होण्याचा क्षण पाहायचा तर त्याआधीचे शेवटचे ‘सावधान’ आणि अक्षतांसाठी उचललेले हात दिसायला हवेत. पाच-सात सेकंदांची ही सवलत ठेवली नाही तर प्रेक्षक पोहोचेपर्यंत क्षण उलटून गेलेला असतो. मंगलाष्टकांना एकच खूण पुरत नाही. पहिल्या श्लोकावर एक आणि शेवटच्या सावधानाच्या अलीकडे एक, अशा दोन ठेवाव्यात. पार्श्वसंगीत लावलेल्या भागात खूण गाण्याच्या सुरुवातीला आणावी, कारण गाणे मध्येच सुरू झाले की कानाला कट जाणवतो. दृश्य हळूहळू उजळत असेल तर खूण काळ्या चौकटीवर ठेवायला हरकत नाही. मात्र मेनूतले लघुचित्र तिथून घेऊ नये, नाहीतर मेनूत सहा काळे चौकोन दिसतात.

स्टेजवरच्या भेटींचा भाग मात्र वेगळा. तास-दीड तास एकामागून एक पाहुणे येतात, पाकीट देतात, फोटो काढतात. त्याला क्रम असा नसतोच. मुलीकडचे, मुलाकडचे, कॉलनीतले, कार्यालयातले सगळे सरमिसळ असतात. इथे दर दहा मिनिटांनी खूण टाकणे हाच शहाणपणा, आणि सारख्या अंतराच्या खुणांना अर्थ आहे तो एवढ्याच जागी.

गॅदरिंगच्या डिस्कचे गणित सोपे आहे. प्रत्येक नाचाला एक प्रकरण द्यायचे आणि निवेदन त्या-त्या नाचाच्या आधी जोडून ठेवायचे. पालकाला आपल्या मुलाच्या वर्गाचा नाच हवा असतो. खूण निवेदनावर असली की वर्गाचे नाव ऐकून तो निश्चिंत होतो. व्याख्यानांच्या डिस्कमध्ये वक्ता बदलला की प्रकरण बदलते, एवढे पुरे.

कार्यपद्धती : प्रीमियर या संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये टाइमलाइन थांबवून ‘एम’ कळ दाबली की मार्कर पडतो. त्याचा प्रकार चॅप्टर असा निवडावा लागतो, साधी टिपणाची खूण डिस्कवर जात नाही. नागपूरच्या लग्नसंपादकांत लोकप्रिय असलेल्या एडियसमध्येही टाइमलाइनवरचे मार्कर डिस्क बनवताना प्रकरणे म्हणून घेता येतात. दोन्हीकडे एक भेद लक्षात ठेवावा लागतो : क्लिपवरची (एका शॉटवरची) खूण वेगळी आणि सीक्वेन्सवरची (सगळ्या टाइमलाइनवरची) वेगळी. डिस्कला सीक्वेन्सवरचीच लागते. अनेक वेळा सुरुवातीच्या भागात एखादा शॉट घुसवला किंवा काढला की पुढचे सगळे चित्र सरकते आणि खुणा जागच्या जागी राहतात. म्हणून संपादन पक्के झाल्यावर, घरच्यांचे ‘मामांचा सीन राहिला’ हे शेवटचे बदल उरकल्यावरच मार्कर मारावेत.

ऑथरिंगसाठी अडोबीचे एन्कोर बरीच वर्षे वापरात होते. २०१२ च्या सीएस ६ मालिकेनंतर त्याची नवी आवृत्ती निघाली नाही. ॲपलचे डीव्हीडी स्टुडिओ प्रो २०११ साली बंद झाले. फुकट साधनांत डीव्हीडीस्टाइलर आणि त्यामागचे डीव्हीडीऑथर हे आजही चालतात. डीव्हीडीऑथरमध्ये प्रकरणांच्या वेळा स्वल्पविरामाने लिहून देता येतात.

मेनू : प्रकरणांचा मेनू हे खरे तर एक चित्र असते आणि त्यावर बटनांचे पारदर्शक थर असतात. एका मेनूवर जास्तीत जास्त ३६ बटने मानकात बसतात, पण टीव्हीसमोर बसलेल्या आजोबांना सहापेक्षा जास्त चित्रे वाचवत नाहीत. जुने टीव्ही चित्राच्या कडा कापत, त्यामुळे नावे चारही बाजूंनी सुमारे दहा टक्के आत ठेवण्याचा नियम आहे. देवनागरीची अडचण वेगळीच. इंटरलेस्ड चित्रात (ज्यात ओळी एकाआड एक दाखवल्या जातात) एका ओळीएवढी बारीक आडवी रेघ लुकलुकते, आणि आपल्या लिपीत प्रत्येक शब्दावर शिरोरेखा असते. बारीक फॉन्टमध्ये लिहिलेले ‘सीमांतपूजन’ टीव्हीवर थरथरते. उपाय एकच, जाड फॉन्ट घ्यावा. शिवाय संपादनाच्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये युनिकोड मराठीची जोडाक्षरे तुटत आणि ऱ्हस्व वेलांटी भलत्याच अक्षरावर बसे. त्यामुळे श्रीलिपी, कृतिदेव अशा जुन्या फॉन्टांत नावे टाइप करून त्यांची चित्रे लावली जात. इंग्रजी अक्षरांत मेनू करण्याची सवय लागण्यामागे हौस कमी आणि ही कटकट जास्त होती.

मेनूतून ‘हळद’ निवडली की हळद संपल्यावर प्लेअर थांबत नाही, तो पुढच्या प्रकरणात जातो. प्रत्येक प्रसंग संपल्यावर मेनूत परत आणायचे असेल तर प्रकरणांची स्वतंत्र यादी रचावी लागते. लग्नाच्या डिस्कला त्याची गरज नाही. गॅदरिंगच्या डिस्कला ती शोभते.

परदेशी प्रत : मुलगा अमेरिकेत असेल तर एक प्रत एनटीएससी या तिथल्या टीव्ही पद्धतीची मागितली जाते. तिथे सेकंदाला २९.९७ चौकटी असतात, पण साधा टाइमकोड (चौकटी मोजून वेळ दाखवणारा आकडा) ३० मोजतो. त्यामुळे तासामागे ३.६ सेकंदांचा फरक पडतो. घड्याळाने मोजलेल्या वेळा तशाच टाइप केल्या तर तिसऱ्या तासाच्या शेवटी खूण जवळजवळ ११ सेकंद उशिरा पडते आणि बिदाईचे पहिले हुंदके निसटतात. अधूनमधून चौकटींचे क्रमांक गाळून घड्याळाशी जुळवून घेणारा ड्रॉप-फ्रेम टाइमकोड निवडला की हा प्रश्न सुटतो. भारतातल्या २५ चौकटींच्या पद्धतीत तो उद्भवतच नाही.

दोन थरांची डिस्क : एकथरी डिस्कची क्षमता ४.७ जीबी, तर दोन थरांची ८.५ जीबी. दुसऱ्या थरावर जाताना काही प्लेअर क्षणभर थबकतात. हा सांधा प्रकरणाच्या सीमेवर, शक्यतो काळ्या पडद्यावर ठेवला तर लक्षात येत नाही.

सद्यस्थिती : आता बहुतेक लग्ने पेनड्राइव्हवर किंवा यूट्यूबच्या खाजगी दुव्याने दिली जातात. एमपी४ फाइलीतही प्रकरणे साठवता येतात, पण अनेक टीव्हींमधले यूएसबी प्लेअर ती दाखवत नाहीत. म्हणून ‘०१ साक्षगंध’, ‘०२ हळद’ अशा वेगवेगळ्या फाइली देणे जास्त व्यवहार्य ठरले आहे. यूट्यूबवर वर्णनात वेळा लिहिल्या की प्रकरणे तयार होतात. त्यासाठी पहिली वेळ ०:०० हवी, किमान तीन वेळा हव्यात आणि प्रत्येक प्रकरण निदान १० सेकंदांचे हवे. ब्लू-रे डिस्कवर प्रकरणे प्लेलिस्टच्या फाइलीत असतात. लग्नांसाठी मात्र तिचा प्रसार फारसा झाला नाही.

जुन्या डीव्हीडी संगणकावर उतरवून घेण्याचे काम आता स्टुडिओंकडे येते. व्हीओबी फाइली नुसत्या जोडल्या तर प्रकरणे हरवतात, कारण त्यांची यादी आयएफओ फाइलीत असते. मेकएमकेव्ही किंवा हँडब्रेक या सॉफ्टवेअरने उतरवले तर खुणांच्या वेळा टिकतात, नावे मात्र येत नाहीत. ‘हळद’, ‘सप्तपदी’ ही अक्षरे मेनूच्या चित्रात रंगवलेली असतात, त्यामुळे नव्या फाइलीत ‘चॅप्टर ०१’, ‘चॅप्टर ०२’ एवढेच उरते. डिस्क प्लेअरमध्ये लावून मेनूचा फोटो घ्यायचा आणि त्यावरून नावे हाताने भरायची, एवढाच मार्ग राहतो.