मे महिन्याच्या पाण्याचा हिशेब

पाण्याच्या हिशेबाची सोपी सूत्रं आपल्याकडे बरीच जुनी आहेत. ब्रिटिश अभियंते बिनी यांनी 1869 आणि 1872 मध्ये नागपूरजवळच्या छोट्या पाणलोटात मोजमापं घेतली. पुढे 1929 मध्ये इंग्लिस आणि डिसूझा यांनी पश्चिम भारतातल्या 53 ठिकाणचे प्रवाह मोजून पावसातलं किती पाणी वाहून जातं याची दोन सूत्रं दिली, एक घाटासाठी, एक पठारासाठी. घाटाचं सूत्र कुणालाही जमेल असं आहे: वर्षाच्या पावसाला 0.85 ने गुणायचं आणि 30.5 सेंटिमीटर वजा करायचे. 300 सेंटिमीटर पाऊस धरला तर जवळपास 225 सेंटिमीटर, म्हणजे पाऊण पाणी, वाहून जातं.

धरणात वर्षाला किती पाणी येईल, यासाठी हे उत्तम. कोकणातल्या वाडीचा प्रश्न मात्र वेगळा असतो: आहे ते पाणी कधीपर्यंत पुरेल?

जांभ्याच्या सड्यात, म्हणजे कातळाच्या पठारात, पाणी झटकन मुरतं, खालच्या चिकणमातीच्या थरावर अडतं आणि उताराला झरा होऊन बाहेर पडतं. दिवाळीनंतर हा साठा भराभर रिकामा होतो. भूजलाच्या सरकारी वर्गवारीत कोकणातले बहुतेक तालुके ‘सुरक्षित’ असूनही वाड्यांवर टँकर येतात, ते यामुळेच. वर्षाच्या नि तालुक्याच्या सरासरीत मे महिना दिसतच नाही, आणि माझ्या मते मूळ अडचण हीच आहे.

यावरचं गणितही जुनंच आहे. फ्रान्समध्ये माये यांनी 1905 मध्ये दाखवलं, की पाऊस थांबल्यावर झऱ्याचा प्रवाह ठरावीक कालावधीत ठरावीक पटीने घटतो. त्यामुळे बादली आणि घड्याळ एवढ्यावर अंदाज बांधता येतो. समजा, 15 लिटरची बादली डिसेंबरात 10 सेकंदांत भरते आणि जानेवारीत 20. प्रवाह महिन्यात निम्मा झाला. हाच वेग राहिला तर एप्रिलमध्ये बादलीला 160 सेकंद लागतील, दिवसाला 8,100 लिटर मिळतील. जलजीवन मिशनच्या माणशी 55 लिटरच्या हिशेबाने हे 147 माणसांचं पाणी. गुरं, बागा वेगळ्याच.

हा आकडा जानेवारीतच हाती आला, तर वायंगणी (पावसाळ्यानंतरचं) भात किती लावायचं, पऱ्यावर (ओढ्यावर) वनराई बंधारा, म्हणजे मातीच्या गोण्यांचा बांध, कुठे घालायचा, टँकरचा प्रस्ताव कधी पाठवायचा हे वेळेत ठरवता येतं. अवकाळी पाऊस झाला तर मोजणी पुन्हा करावी लागते, आणि शेजारच्या झऱ्याची पट आपल्या झऱ्याला लावून चालत नाही.